सरपरस्त कोण? सांभाळणाऱ्यांच्या हक्काचा इतिहास

उर्दू शाळांच्या दाखल्याच्या फॉर्मवर 'वालिद या सरपरस्त का नाम' असा रकाना असतो. मराठी फॉर्मवर त्याच जागी 'पालकाचे नाव' एवढंच लिहिलेलं असतं. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा फरक माझ्या नजरेत राहिला आहे. मराठीत जन्म देणाराही पालक आणि पाळणाराही पालक. उर्दूने मात्र दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. वालिद तो, ज्याच्यापासून मूल जन्मलं. सरपरस्त तो, ज्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दरवर्षी वर्गात दोन-तीन मुलं अशी असतातच, ज्यांच्या फॉर्मवर सही नानी करते, खाला करते, चाचा करतात. कुणाचे आईबाप वारलेले असतात, कुणाची आई दुसऱ्या घरी गेलेली असते, कुणाचा बाप परगावी जाऊन परतलेलाच नसतो. ही माणसं मुलाला खाऊ घालतात, तापात रात्र जागवतात, सहामाहीच्या निकालाला येऊन बसतात. पण बँकेत खातं काढायचं, पासपोर्टचा अर्ज भरायचा किंवा ऑपरेशनच्या कागदावर सही करायची वेळ आली की त्यांना विचारलं जातं, 'तुम्ही कोण?'

या प्रश्नाला आपल्या परंपरेत उत्तर आहे आणि देशाच्या कायद्यातही आहे. तरी मुस्लिम समाजातल्या बहुतेक सरपरस्तांकडे एकही कागद नसतो. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

जैद आणि हमजांची मुलगी

'इस्लाममध्ये दत्तक नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यामागचा प्रसंग हजरत जैद बिन हारिसा (र.) यांचा आहे. जैद लहानपणी पळवले गेले, गुलाम म्हणून विकले गेले आणि हजरत खदिजा (र.) यांच्यामार्फत पैगंबरांच्या (स.) घरी आले. पुढे त्यांचे वडील आणि चुलते खंडणी घेऊन मक्केत आले. पैगंबरांनी निवड जैद यांच्यावर सोपवली आणि जैद यांनी इथेच राहायचं ठरवलं. तेव्हा पैगंबरांनी त्यांना मुलगा म्हणून जाहीर केलं आणि लोक त्यांना 'जैद बिन मुहम्मद' म्हणू लागले. मदिनेत सूरह अहजाबच्या आयती उतरल्या. मानलेली मुलं ही जन्मलेली मुलं होत नाहीत, त्यांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा, असा त्यांचा आशय आहे. जैद पुन्हा 'बिन हारिसा' झाले.

या आयतींनी मुलाचं नाव आणि वंश जपला. सांभाळणाऱ्याचं नातं त्यांनी तोडलं नाही. जैद त्या घराला अखेरपर्यंत तितकेच जवळचे राहिले, आणि त्यांचा मुलगा उसामा यांच्यावर पैगंबरांचा किती जीव होता हे हदीसच्या ग्रंथांत जागोजागी दिसतं.

दुसरा प्रसंग आपल्याकडे कमी सांगितला जातो, पण या विषयासाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे. उहुदच्या लढाईत हजरत हमजा (र.) शहीद झाले. त्यांची लहान मुलगी मक्केत होती. ७ हिजरीत, म्हणजे इ. स. ६२९ मध्ये, उमरा करून मुसलमान मक्केतून निघाले तेव्हा ती 'चाचा, चाचा' करत मागे धावली. हजरत अलींनी तिचा हात धरला. मग तिला कोणी सांभाळायचं यावर तिघांत वाद झाला. अली म्हणाले, ही माझी चुलत बहीण. जाफर म्हणाले, माझीही चुलत बहीण, शिवाय तिची खाला माझ्या घरात आहे. जैद म्हणाले, ही माझ्या भावाची मुलगी, कारण हिजरतनंतर पैगंबरांनी हमजा आणि जैद यांना भाऊ-भाऊ ठरवलं होतं.

पैगंबरांनी मुलगी जाफर यांच्या घरी दिली. कारण एकच, तिथे तिची खाला होती. खालाचा दर्जा आईसारखा आहे, असं त्यांनी सांगितलं. हे बुखारीत आलेलं आहे. तीन दावेदारांपैकी कुणालाही कमी न लेखता, मुलीला कोणाच्या मायेत वाढता येईल यावर निकाल झाला. नातेवाइकाच्या ताब्याचा यापेक्षा स्पष्ट दाखला कोणत्या परंपरेत असेल, मला तरी ठाऊक नाही.

पैगंबर स्वतःही असेच वाढले होते. वडील जन्माआधी गेले, आई सहाव्या वर्षी. मग दादा अब्दुल मुत्तलिब, त्यांच्यानंतर चाचा अबू तालिब. त्याआधी दूध पाजणाऱ्या हलीमा. ज्या उम्मतचा रसूल यतीम होता, तिथे सांभाळणाऱ्याला परकं मानणं शोभत नाही.

फिक्हने केलेली वाटणी

पुढच्या फकीहांनी या प्रसंगांवरून नियम बांधले. त्यांनी मुलाच्या जबाबदारीचे दोन भाग केले. एक 'हिजानत', म्हणजे मुलाला जवळ ठेवणं, खाऊपिऊ घालणं, वाढवणं. दुसरा 'विलायत', म्हणजे त्याच्या मालमत्तेचा कारभार आणि त्याच्या वतीने निर्णय घेणं.

हिजानत आधी बायकांची. हनफी मतात पहिला हक्क आईचा, मग नानीचा, मग दादीचा, मग बहिणींचा, मग खालांचा आणि फुफींचा. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हा हक्क चालतो. कोकणातले आपले लोक शाफई आहेत. त्या मतात मूल जाणतं झालं, साधारण सात वर्षांचं झालं, की कोणाजवळ राहायचं हे त्यालाच विचारतात. आई नसलेल्या मुलाला सांभाळणारी बाई संगोपनाची 'उजरत', म्हणजे मोबदलाही मागू शकते, हे फिक्हच्या ग्रंथांत लिहिलेलं आहे. नानी फुकट राबणारी आहे असं कुणी गृहीत धरलं नव्हतं.

विलायत मात्र पुरुषांकडे. आधी बाप, मग बापाने मृत्युपत्रात नेमलेला 'वसी', मग दादा, मग दादाचा वसी. यांपैकी कुणी नसेल तर काजी नेमणूक करेल. म्हणजे खाला मुलाला वाढवेल, पण त्याची जमीन विकू शकणार नाही. चाचा वाढवेल, पण तो आपोआप वली होणार नाही. ही वाटणी यतीमच्या मालाच्या रक्षणासाठी होती. यतीमचा माल खाण्याबद्दल कुरआनने दिलेला इशारा फकीहांच्या डोळ्यांसमोर होता.

यात एक गोष्ट गृहीत होती. काजी जवळच असेल, त्याच्याकडे जाता येईल आणि तो लक्ष ठेवेल. ती व्यवस्था गेली, तेव्हा नियम तसेच राहिले आणि ते चालवणारा माणूस नाहीसा झाला.

इंग्रजी कोर्टात

इंग्रजांच्या काळात काजीची जागा दिवाणी कोर्टाने घेतली. १८८८ साली अलाहाबाद हायकोर्टात सर सय्यद यांचे चिरंजीव न्या. सय्यद महमूद यांनी एका प्रसिद्ध निकालात मुस्लिम कायद्यातल्या 'इकरार'ची, म्हणजे पितृत्वाच्या कबुलीची, सविस्तर मांडणी केली. इकरार म्हणजे दत्तक नव्हे आणि दत्तकाने मुस्लिम कायद्यात वंश जुळत नाही, हे त्या निकालाने पक्कं झालं.

दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, पालक आणि पाल्य कायदा आला. हा सर्व धर्मांसाठी आहे आणि आजही लागू आहे. मुलाचा कुणीही नातेवाईक किंवा मित्र जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मागू शकतो. ज्या भागात कुटुंब न्यायालय आहे तिथे मुलाच्या ताब्याचे आणि पालकत्वाचे अर्ज तिथे चालतात. कलम १७ प्रमाणे कोर्टाने मुलाचं हित पाहायचं असतं. मुलाचं वय, धर्म, अर्जदाराचं चारित्र्य, नात्याची जवळीक, मेलेल्या आईबापांची इच्छा हे सगळं विचारात घ्यायचं आणि मूल समजतं असेल तर त्याची पसंतीही. शाफई फकीह सात वर्षांच्या मुलाला विचारत होते, तेच इथे कलमाच्या भाषेत आलं आहे. अडचण कलम १९ची. बाप हयात असेल आणि कोर्टाने त्याला अपात्र ठरवलं नसेल, तर दुसऱ्याला मुलाचा पालक नेमता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने तिथे बापाबरोबर आईचाही समावेश झाला.

मग १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलचा इमामबंदी खटल्याचा निकाल आला. तो लिहिणारे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली होते. एका आईने आपल्या अज्ञान मुलांचा मालमत्तेतला हिस्सा विकला होता. प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की मुस्लिम कायद्यात आई मुलाच्या मालमत्तेची कायदेशीर पालक नाही आणि नुसतं प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याला मुलाची स्थावर मालमत्ता विकायचा अधिकार नाही. १९५२ साली सुप्रीम कोर्टाने हाच नियम मोठ्या भावाला लावला. अज्ञान भावाच्या वतीने त्याने केलेला वाटणीचा कौटुंबिक करार रद्दबातल ठरला.

आपल्याकडे सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलाचं नाव लागतं आणि पुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता म्हणून आईचं, मामाचं किंवा चाचाचं नाव येतं. ही नोंद म्हणजे विकायचा परवाना, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. कोर्टाने नेमलेल्या पालकालाही मुलाची जमीन विकण्याआधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ज्याची नेमणूकच नाही त्याचा व्यवहार मुस्लिम मुलाच्या बाबतीत मुळातच टिकत नाही. मूल मोठं झाल्यावर दावा करतं, तेव्हा घर फुटतं.

दत्तकाच्या वादात हरवलेली सरपरस्ती

१९३७ च्या शरीयत कायद्याने पालकत्वाचा विषय मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखाली आणला. दत्तकाचा विषय त्याने वेगळा ठेवला. पंजाब आणि काश्मीरमध्ये काही मुस्लिम जमातींत दत्तकासारख्या रूढी चालत होत्या. म्हणून कलम ३ मध्ये, जो माणूस स्वतः लेखी घोषणा करेल त्याला आणि त्याच्या अज्ञान मुलांना दत्तकाबाबतही शरीयत लागू, अशी तरतूद आहे.

१९५६ मध्ये हिंदू दत्तक कायदा झाला. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि यहुदी यांच्या हाती १८९० चा पालकत्वाचा कायदाच उरला. १९७२ साली सर्वांसाठी एकच दत्तक विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. मुस्लिम संघटनांनी विरोध केला आणि ते पुढे मागे घेतलं गेलं. १९८० साली मुसलमानांना वगळून नवं विधेयक आलं, तेही मंजूर झालं नाही.

त्या काळात समाजाची सगळी ताकद एका प्रश्नात खर्च झाली: दत्तक जायज की नाजायज? वंश आणि वारसा यांबद्दलची उलेमांची चिंता समजण्यासारखी आहे, आणि तिला कुरआनचा आधार आहे. पण दत्तक नको म्हणताना, मग जी नानी आज मूल सांभाळते तिला कोणता कागद मिळणार, याची मागणी कुणी तितक्याच जोराने केली नाही. विधेयक अडवलं आणि विषय संपला असं वाटलं. सरपरस्त जिथे होता तिथेच राहिला.

इतर मुस्लिम देशांत असं झालं नाही. अल्जेरियाच्या १९८४ च्या कुटुंब कायद्यात 'कफाला'ची रीतसर तरतूद आहे. वंश न बदलता, वारसा न देता मुलाची कायदेशीर जबाबदारी घेणं म्हणजे कफाला. १९९२ साली तिथे अशा मुलाला कफीलचं आडनाव लावण्याचीही सोय झाली. मोरोक्कोने २००२ मध्ये सोडून दिलेल्या मुलांच्या कफालासाठी वेगळा कायदा केला. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम २० मध्ये दत्तक आणि संगोपन कुटुंब यांच्याबरोबर इस्लामी कायद्यातल्या कफालाचं नाव आहे. भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. आपला शब्द जगाच्या करारात गेला, पण आपल्याच मोहल्ल्यात तो फारसा कुणाला माहीत नाही.

२०१४ नंतर

सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांनी एक मुलगी सांभाळायला घेतली, तेव्हा त्यांना आई नव्हे तर पालक एवढंच होता येईल असं कळलं. २००५ साली त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी निकाल आला. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते, मात्र ती वाट ऐच्छिक आहे, कुणावर सक्ती नाही, असं कोर्टाने सांगितलं. दत्तक घेण्याचा हक्क मूलभूत हक्क म्हणून जाहीर करायला मात्र नकार दिला.

बाल न्याय कायदा २०१५ मध्ये नव्याने आला. त्यात नातेवाइकाचं मूल नातेवाइकाने दत्तक घेणं धर्म कोणताही असो शक्य आहे. चाचा-फुफी, मामा-खाला, दादा-दादी, नाना-नानी हे सगळे त्या व्याख्येत येतात. पण अशा दत्तकाने मूल कायद्याने सर्व अर्थाने नव्या आईबापांचं होतं, वारसाही त्यात आला. ज्यांना हे दीनच्या दृष्टीने पटत नाही, त्यांनी ही वाट घेऊ नये. कायदाही त्यांना घ्या म्हणत नाही.

त्याच कायद्यात कलम ४४ खाली संगोपन कुटुंबाची सोय आहे. बाल कल्याण समिती आदेश देऊन मूल एखाद्या कुटुंबात ठेवते आणि देखरेख करते. मुलाचं नाव आणि वंश बदलत नाही. संगोपन करणाऱ्यांवर शिक्षण, आरोग्य, आहार यांची जबाबदारी येते. त्यांना आईबापांचे सगळे हक्क मिळत नाहीत, पण हातात समितीचा आदेश असतो. मला ही तरतूद कफालाच्या सर्वांत जवळची वाटते.

कोर्टंही सांभाळणाऱ्याकडे पाहू लागली आहेत. २०१० साली कर्नाटकातल्या एका मुस्लिम कुटुंबाचा वाद सुप्रीम कोर्टात आला. आई वारल्यावर मुलं नाना आणि खालांजवळ होती, बापाने दुसरं लग्न केलं होतं आणि त्याला ताबा हवा होता. कोर्टाने सांगितलं की ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाप पालक म्हणून अपात्र नसला तरी तेवढ्याने ताबा आपोआप त्याला जात नाही. अंतरिम ताबा आजोळीच राहिला. हिजानत आणि विलायत हीच वाटणी ती. २०२२ साली कोविडमध्ये आईबाप गेलेल्या गुजरातमधल्या एका मुलाच्या बाबतीत हायकोर्टाने ताबा मावशीला दिला होता. सुप्रीम कोर्टाने तो दादा-दादींना दिला. वय जास्त आणि उत्पन्न कमी एवढ्यावरून आजी-आजोबांना नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. यावरून 'नेहमी दादाकडचेच' किंवा 'नेहमी आजोळचेच' असा नियम काढू नये. प्रत्येक वेळी मूल कुठे नीट वाढेल हे पाहिलं जातं.

घरात काय करता येईल

मी वकील नाही. पण पालकसभेत लोक विचारतात, तेव्हा मी चार गोष्टी सांगतो.

एक, मूल यतीम असेल आणि तुम्ही त्याला सांभाळत असाल, तर १८९० च्या कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करा. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायका आणि मुलं उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदतीस पात्र असतात.

दोन, बाल कल्याण समिती आणि जिल्हा महिला व बाल विकास कार्यालय यांना भेटा. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. याला खैरात समजून लाजू नका. फिक्हमधली 'उजरत' आठवा.

तीन, मुलाला काही द्यायचं असेल तर हयातीत द्या किंवा लिहून ठेवा. सांभाळलेलं मूल वारस होत नाही, पण वारस नसलेल्याला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. हिबाही करता येतो. दादाच्या हयातीत बाप वारला आणि चाचा हयात असले, तर नातवाला वारसा मिळत नाही. हीच अडचण ओळखून इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी बंधनकारक वसीयतीचा कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण दादाला स्वतःहून वसीयत करायला कुणी अडवलेलं नाही.

चार, हे सगळं करताना मुलाच्या बापाचं नाव पुसू नका. शाळेच्या रजिस्टरवर खरं नाव राहू द्या आणि त्याच्या खाली आपलं नाव सरपरस्त म्हणून लिहा. दोन्ही नावं एका पानावर बसतात.

जुम्म्याच्या बयानात यतीमच्या डोक्यावर हात ठेवण्याचा सवाब आपण ऐकतोच. त्याच बयानात, मशिदीच्या नोटीस बोर्डावर किंवा निकाहनामा लिहिणाऱ्या काजीसाहेबांच्या टेबलावर पालकत्वाच्या अर्जाची माहितीही असायला हवी. हमजांच्या मुलीचा निकाल भांडण वाढायच्या आत आणि सगळ्यांसमोर झाला होता. आपल्या घरांतले असे निर्णय बहुतेक वेळा पंधरा वर्षांनी, जमीन विकली गेल्यावर कोर्टात होतात. अर्ज वेळेत केला तर त्या मुलाचं घर वाचेल, आणि नानीला कुणी 'तुम्ही कोण?' विचारलं तर दाखवायला तिच्या हातात कागद असेल.